दहावीचे मित्र अकरावीत कुठे जातात?



आज कुठल्या धड्यावरचं लेखन नाही. विषय थोडा मोठ्या मुलांचा आहे, पण त्याची काळजी प्राथमिक शाळेच्या फाटकापर्यंत येते, म्हणून लिहिते आहे. धाकट्याला दुसरीच्या वर्गात सोडायला आलेली आई थोरल्याबद्दल बोलायला थांबते. "मॅडम, अकरावीला गेल्यापासून घुम्यासारखा झालाय. दहावीपर्यंत घर भरलेलं असायचं. आता कोणी येत नाही, हाही कोणाकडे जात नाही. भांडण झालं का विचारलं तर नाही म्हणतो." सप्टेंबर-ऑक्टोबरात अशा दोन-तीन आया तरी भेटतात. आणि बहुतेक वेळा मुलगा खरंच सांगत असतो. भांडण झालेलं नसतं.

मग होतं काय? ते समजून घ्यायला आधी आपली शिक्षणाची रचना बघावी लागेल.

सीबीएसईच्या शाळेतली मुलं बरेचदा बारावीपर्यंत त्याच शाळेत, त्याच गणवेशात असतात. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांचं तसं नाही. 1975 मध्ये जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली आणि अकरावी-बारावीला 'ज्युनिअर कॉलेज' हे नाव मिळालं. काही शाळांना ते जोडलेलं असतं, पण बहुतेकांची शाळा दहावीला संपते. म्हणजे आपली मुलं पंधराव्या-सोळाव्या वर्षीच 'कॉलेजला' जातात. मिसरूड नीट फुटलेली नसते आणि सगळा वर्ग एकदम सुटतो.

तो सुटतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. मुंबई महानगर भागात 2009 पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन आहेत, आणि 2025 पासून सगळ्या राज्यात तीच पद्धत आली. मुलाने दहापर्यंत कॉलेजांची पसंती भरायची, गुणांप्रमाणे यादी लागायची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. शाळेलाच कॉलेज असेल तर इन-हाऊस कोट्याच्या दहा टक्के जागा असतात, तेवढीच काय ती सोय. आता दोन जिवलग मैत्रिणी घ्या. एकीला 84 टक्के, दुसरीला 81. दोघींनी एकाच सायबर कॅफेत बसून तीच दहा नावं त्याच क्रमाने भरली तरी कट ऑफ मध्ये कुठेतरी पडणार आणि एक इकडे, एक तिकडे जाणार. त्यात कोणी डिप्लोमाला जातो, कोणी आयटीआयला, कोणी गावी आजीकडे राहून शिकतो. चाळीस जणांचा वर्ग एका पावसाळ्यात कुठल्या कुठे पांगतो.

आपल्या नवी मुंबईत तर हे रेल्वेच्या नकाशावरच दिसतं. ऐरोलीतली दोन मुलं धरा. एकाला ठाण्याला मिळालं, दुसऱ्याला नेरुळला. एक ठाण्याच्या गाडीत चढतो, दुसरा पनवेलच्या. 2004 मध्ये ट्रान्स हार्बर लाइन सुरू झाली त्याआधी आपल्याकडची मुलं एवढ्या लांब कॉलेजला जायचा विचारही सहसा करत नसत, जवळ जे मिळेल ते घ्यायची. गाडीने वाट सोपी केली आणि मित्र लांब नेले. (गाडी नको होती असं म्हणत नाही हं मी. रोज त्याच गाडीने शाळेत येते.)

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. निकाल मे-जूनमध्ये. प्रवेशाच्या फेऱ्या संपून अकरावीचे वर्ग खरोखर भरायला काही वर्षी ऑगस्ट उजाडतो. म्हणजे चार-पाच महिने मुलगा ना शाळेचा ना कॉलेजचा. याच काळात कोपरखैरणे-घणसोलीतली कितीतरी कुटुंबं सातारा-सांगलीकडे, कोकणात आपापल्या गावी गेलेली असतात. पूर्वी निकालाला सगळे शाळेत जमायचे, फळ्यावर यादी लागायची. आता निकाल मोबाईलवर दिसतो आणि ज्याचं त्याचं घर ज्याचा त्याचा आनंद किंवा रडणं बघतं. कॉलेज सुरू होईपर्यंत मित्र निम्मे सुटलेलेच असतात.

जरा तासांचा हिशोब करू

शिक्षक आहोत, तर हिशोब मांडूनच बघू. शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शाळा भरली पाहिजे, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. पाच वर्षांचे 4000 आणि तीन वर्षांचे 3000. पहिलीपासून एकत्र असलेली दोन मुलं आठवी संपेपर्यंत निदान 7000 तास एका छताखाली असतात. नववी-दहावी, रिक्षातला वेळ, मधली सुट्टी, गल्लीतलं क्रिकेट, हे सगळं वर.

आता दुसरा आकडा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास, त्याचा चांगला मित्र व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त, असं त्यांना दिसलं. हे तास एकत्र हसण्या-बोलण्याचे, बाकावर शेजारी बसून गणितं सोडवण्याचे नव्हेत. त्यामुळे आपले 7000 तास काही सगळे मैत्रीचे धरता येणार नाहीत. पण दहावा हिस्सा धरला तरी 700 होतात!

आता कॉलेजात गेलेल्या मुलाकडे बघा. लेक्चरं, प्रॅक्टिकल, मग क्लास. 'इंटिग्रेटेड'वाला असेल तर कॉलेजात जाणं नावापुरतंच आणि रविवारी टेस्ट. नव्या मुलांबरोबर निवांत बोलायला दिवसाला एक तास मिळतो असं समजू. 200 तास व्हायला 200 दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ सबंध वर्ष. या वर्षात मुलाकडे जुने मित्र आहेत पण भेटत नाहीत, आणि नवे भेटतात पण अजून मित्र झालेले नाहीत. अकरावी अवघड जाते ती नुसत्या फिजिक्समुळे नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर वर्गात एकदम सगळं इंग्रजीत. समजलं नाही हे सांगायलाही शेजारी ओळखीचं तोंड नाही. अशा वेळी ज्याच्याशी धडाधड मराठीत बोलता येईल, ज्याच्यासमोर हुशारीचा आव आणावा लागणार नाही असा माणूस हवा असतो, आणि तो तीन स्टेशनं पलीकडे राहत असतो.

म्हणून मला वाटतं, जुन्या मित्राला पुन्हा गाठायचं तर ते याच वर्षात. पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावा करायचा तेव्हा करावा. आपल्या सगळ्यांचेच दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, मेळावे होतात, फेटे बांधतात, घंटा वाजवून प्रार्थना म्हणतात, सरांचा सत्कार होतो, डोळ्यांत पाणी येतं. छान असतं ते. पण त्या मेळाव्यांना कोण येतं आणि कोण येत नाही हे एकदा मोजून बघा. ज्याचं बरं चाललंय तो येतो. मागच्या बाकावरचा, जो दहावीला राहिला होता, त्याचा नंबर 'कोणाकडेच नसतो'.

मैत्री झिजते कशी

इंग्लंडमध्ये रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं घेऊन, ती पुढे विद्यापीठात किंवा नोकरीत गेल्यावरही, असे 18 महिने त्यांचं बोलणं-भेटणं तपासलं. त्यातून दोन-तीन गोष्टी पुढे आल्या, त्या आपल्या घरातही पटतील. नातेवाईक लांब गेले, बोलणं कमी झालं तरी जवळीक फारशी कमी झाली नाही. मित्रांच्या बाबतीत मात्र संपर्क कमी झाला की जवळीक काही महिन्यांतच उतरायला लागली. काका वर्षभर भेटला नाही तरी काकाच राहतो. मित्राचं तसं नाही, त्याला मधूनमधून पाणी घालावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. ज्या मुलींनी एकमेकींशी बोलणं चालू ठेवलं त्यांची मैत्री टिकायला त्याची मदत झाली. मुलग्यांच्या बाबतीत नुसत्या बोलण्याने विशेष फरक पडला नाही. एकत्र काहीतरी करणं, खेळणं, कुठे जाणं, यानेच टिकली. सगळे मुलगे असेच आणि सगळ्या मुली तशाच असं अर्थातच नाही. पण आई जेव्हा मुलाला म्हणते "अरे, फोन तरी कर त्याला," आणि तो नुसता मान हलवतो, तेव्हा हे आठवावं. फोन करून बोलायचं काय, हे त्याला खरोखरच कळत नसतं. "रविवारी क्रिकेटला बोलव त्याला," हे त्याला लगेच कळतं.

याच माहितीतल्या 24 विद्यार्थ्यांच्या फोन कॉलवर 2014 मध्ये आणखी एक अभ्यास आला. कोणाला किती फोन केले याची वाटणी प्रत्येकाची ठरलेली असते. सगळ्यात जवळच्या एक-दोघांना भरपूर, बाकीच्यांना थोडं थोडं. अठरा महिन्यांत माणसं बदलली, पण वाटणी जवळपास तशीच राहिली. म्हणजे आपल्याकडे द्यायला वेळ आणि मन बेताचंच असतं. नवा आला की कोणीतरी मागच्या बाकावर जातो. कॉलेजात नवे मित्र झाल्यावर जुन्या मैत्रिणीचे फोन कमी झाले तर तो 'विश्वासघात' नाही, हे मुलींना जरूर सांगायला हवं. या वयात त्या फार मनाला लावून घेतात.

ग्रुप सोडलेला मुलगा

आता खरी अडचण. अंतर, वेळ, क्लास ही कारणं सांगायला बरी असतात. आत बरेचदा टक्के असतात.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता निकाल लागतो. वर्गाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे सुरू होतात. स्क्रीनशॉट येतात, 91, 88, 76. संध्याकाळी बारीक अक्षरात एक ओळ उमटते, अमुक जणाने ग्रुप सोडला. ती ओळ कोणी वाचत नाही, खाली आणखी पेढे येऊन पडतात. तो मुलगा दोन विषयांत राहिलेला असतो. त्याच्यासाठी दारं बंद झालेली नसतात. पुरवणी परीक्षा आहे, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, आयटीआय आहे. पण हे त्याला त्या संध्याकाळी कोणी सांगत नाही, कारण तो ग्रुपवर नाही आणि घरात बोलणी चालू आहेत.

पुढे त्याच्या मित्रालाही संकोच वाटतो. "मी सायन्सला, तो दुकानात बसतो. काय बोलणार?" त्यालाही वाटतं, "हा आता इंग्रजीत बोलणारा, याला आपण कशाला हवे?" दोघंही एकमेकांना नकोसे झालो असं समजून गप्प. मध्ये आपण पालक काय करतो, तर जेवताना म्हणतो, "बघ, तुझ्याबरोबर होता, आता बस तसाच." तुलना करायला मित्राचं नाव वापरलं की ती मैत्री घरातूनच कापली जाते. ज्या घरात मित्राचे टक्के विचारले जातात त्या घरी मित्र यायचे बंद होतात. हे मी अगदी ठामपणे लिहिते.

आपल्या इथे यात गाव आणि सेक्टर हा भागही आहे. गावठाणातला आगरी-कोळी मुलगा आणि सेक्टरमधल्या सोसायटीतला मुलगा शाळेत एका बाकावर बसतात, डबा वाटून खातात. दहावीनंतर सेक्टरमधलं कुटुंब कधी बदलीने, कधी भाड्याचं घर बदलल्याने खारघर-कामोठ्याला जातं, गावातला तिथेच राहतो. मग गावातल्याने बोलावलं तरच दुसऱ्याला परत यायला निमित्त मिळतं. आणि गावाकडे निमित्तांना तोटा नाही! होळी आहे, नारळी पौर्णिमा आहे, चैत्रातली जत्रा आहे. सेक्टरमधल्या पालकांनो, असं बोलावणं आलं तर "अभ्यास आहे" म्हणू नका. पाठवा.

पहिला मेसेज लिहायचा कसा

कॅनडात लारा अकनिन आणि इंग्लंडमध्ये जिलियन सँडस्ट्रॉम या दोघींनी 2024 मध्ये एक गमतीशीर गोष्ट दाखवून दिली. लोकांना जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, त्याचा नंबर होता, त्यालाही आवडेल असं वाटत होतं, मेसेज लिहायला वेळही दिला. तरी एक तृतीयांशापेक्षा कमी जणांनी तो पाठवला. जुन्या मित्राला मेसेज करणं त्यांना अनोळखी माणसाशी बोलण्याइतकंच जड जात होतं. मग त्यांनी एक युक्ती केली. आधी तीन मिनिटं रोजच्या मित्रांना मेसेज करायला लावले, हात मोकळा झाल्यावर जुन्या मित्राकडे वळवलं. तेव्हा पाठवणारे 31 टक्क्यांवरून 53 टक्क्यांवर गेले. आपण श्रुतलेखनाआधी पाटीवर रेघोट्या काढून घेतो ना, तसंच हे.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा 2022 चा अभ्यास याला जोडून वाचावा. आपण अचानक विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक नेहमी कमी बांधतात. आणि बोलावणं जितकं अनपेक्षित, तितका आनंद जास्त. म्हणजे खूप दिवस झाले, आता कसं बोलू, ही भीती उलटी आहे. खूप दिवस झालेत म्हणूनच त्याला जास्त बरं वाटणार.

पण लिहायचं काय? मुलं लिहितात "हाय, कसा आहेस?" उत्तर येतं "मस्त, तू?" हा लिहितो "मस्त." संपलं. पुढचे सहा महिने दोघंही मस्त! त्याऐवजी असा मेसेज बघा:

"अरे, आज स्टेशनबाहेर तो वडापाव खाल्ला, आपण विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी खाल्लेला. तुझी आठवण आली. रविवारी संध्याकाळी पाचला आपल्या ग्राउंडवर येतोस का? मी असेन."

यात एक खरी, दोघांचीच आठवण आहे. निकाल, कॉलेज, टक्के, 'इतके दिवस कुठे होतास' असं काहीही विचारलेलं नाही. वेळ आणि जागा स्पष्ट आहे. आणि "मी असेन" म्हटल्यामुळे उत्तर द्यायचं ओझं नाही, तो नुसता येऊनही उभा राहू शकतो. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा बोलवावं, रागावून नाही. तरी आलं नाही तर सोडावं.

मैत्रिणींसाठी आवाजाचा मेसेज जास्त चालतो असं मी पाहिलं आहे. दोन मिनिटांचं बोलणं, मागे भांड्यांचा आवाज, आईची हाक. ती हाक ऐकूनच समोरची हसते.

दहावीच्या उपयोजित लेखनात पत्रलेखन असतं. माध्यमिकच्या शिक्षकांना विनंती की एक पत्र गुणांसाठी नसलेलं लिहून घ्या, वर्गातल्या एका मुलाला, डिसेंबरमध्ये उघडायचं. प्राथमिकला आपणही हे करू शकतो. वर्गातून कोणी दाखला काढून दुसऱ्या शाळेत गेलं की पंधरा दिवसांनी सगळ्यांनी मिळून त्याला एक पत्र लिहायचं. चौथीच्या मुलांना 'गेलेल्याशी बोलता येतं' हे एकदा कळलं की सोळाव्या वर्षी ते नव्याने शिकवावं लागत नाही.

गुणपत्रिकेचा दिवस

माध्यमिक शाळांसाठी आणखी एक सुचवते. निकाल मोबाईलवर लागला तरी छापील गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मुलांना शाळेत यावंच लागतं. सगळा वर्ग एका जागी येण्याची ही शेवटची वेळ. बरेचदा खिडकीतून कागद देऊन, सही घेऊन मुलांना मोकळं करतात. त्याऐवजी वर्गात बसवून अर्धा तास दिला तर? पुढच्या भेटीची तारीख तिथेच फळ्यावर लिहायची, दिवाळीच्या सुट्टीतली. तोपर्यंत सगळ्यांचे प्रवेश झालेले असतात, पहिलं सत्र संपलेलं असतं आणि रडायलाही भरपूर साठलेलं असतं. नापास मुलांची गुणपत्रिका वेगळ्या दिवशी ठेवू नये. त्यांच्यापैकी एकाला त्या भेटीचं काम द्यावं, ग्राउंड बघायचं, फोन करायचे. ज्याच्याकडे काम असतं तो येतो.

घरी पालकांनी करायचं त्यापेक्षा सोपं आहे. महिन्यातून एक रविवारची संध्याकाळ क्लासला सांगून मोकळी ठेवा. प्रवासाचे पैसे द्या. भेटायला वाशीचा मिनी सी-शोअर आहे, सागर विहार आहे, खारघरचं सेंट्रल पार्क आहे, पामबीचच्या बाजूचा नेरुळचा ज्वेल ट्रॅक आहे. मॉलमध्ये गेलं की ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो पुढच्या वेळी येत नाही, म्हणून फुकटच्या जागा बऱ्या. एका बाबतीत मात्र कडक राहा. पावसाळ्यात मुलांची पहिली भेट खारघरच्या पांडवकड्याला ठरते. तिथे पावसाळ्यात बंदी असते, आणि ती उगाच नाही. पाणी एकदम वाढून मुलं वाहून गेली आहेत. तिथे नाही म्हणा आणि त्याच दमात दुसरी जागा सुचवा, नाहीतर भेटच रद्द होते.

सगळ्याच जुन्या मैत्र्या उकरून काढायच्या नाहीत, हेही सांगते. शाळेत ज्याने छळलं, ज्याच्यामुळे मावा-गुटख्याची सवय लागली, तो दहावीनंतर सुटला तर देवाचे आभार माना. मुलाने कोणाचं नाव टाळलं तर लगेच "का रे?" करू नका.

आणि एक गंभीर. एखादी मैत्रीण अचानक गावी गेली, फोन बंद, कॉलेजला प्रवेश घेतलाच नाही, हे सगळ्यात आधी तिच्या मैत्रिणींना कळतं. अठरा वर्षांच्या आत लग्न लावून दिलं जातंय अशी शंका असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. एखाद्या मित्राचं बोलणं फार निराश वाटलं, जगण्यात अर्थ नाही असं तो लिहायला लागला, तर ते गुपित ठेवायचं नसतं. मोठ्या माणसाला सांगायचं आणि 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करायचा. हे दोन नंबर मुलांच्या मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा. मित्राची खबर ठेवणारं कोणीतरी असावं, ते अशा वेळेसाठीही.

शेवटी नेहमी येणारा प्रश्न: "मॅडम, फोन बदलला, कोणाचेच नंबर राहिले नाहीत. शाळेतून मिळतील का?" शाळेच्या रजिस्टरमध्ये नंबर असतात, पण ते असे वाटता येत नाहीत आणि वाटूही नयेत, मुलींचे तर मुळीच नाही. उलट बाजूने करा. आपल्या मुलाचा नंबर आणि दोन ओळींची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्या, "अमुक मित्रापर्यंत पोचवा" म्हणून. ते त्या घरी फोन करून सांगतील. ज्याला हवं असेल तो स्वतःहून फोन करेल. बहुतेक शिक्षक हे आनंदाने करतात. चिठ्ठीवर मुलाचं पूर्ण नाव, दहावीचं वर्ष आणि तुकडी लिहायला विसरू नका, नाहीतर एकाच नावाच्या चार मुलांत आम्हीच गोंधळतो.